लवंग टोचलेला विडा

हातपंपाचा दांडा तोंडावर बसला की आधी आवाज येतो, कळ नंतर. शेणव्यात आमच्या आळीतला पंप आधीपासूनच द्वाड आहे. पाणी खाली गेलं की त्याचा दांडा जड होतो. सगळं अंग टाकून तो दाबायचा, आणि हात जरा सैल पडला की तो उसळून वर येतो. वैशाखात तर त्याच्या अंगातच येतं. भातसा धरण आमच्या उशाला आहे आणि आम्ही पंपाशी कुस्ती खेळतो, हे आता कोणाला सांगावंसंही वाटत नाही.

त्या सकाळी मी फोन खांद्याने कानाशी दाबून पंप मारत होते. पलीकडे दीपेश होता. त्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. मुरबाडच्या बाजूचा, तिथल्याच कारखान्यात कामाला. तो काहीतरी गमतीचं बोलला, मी हसले आणि हात सुटला. खट्‌ असा आवाज झाला, फोन चिखलात पडला आणि जिभेवर खडीसारखं काहीतरी आलं. ओंजळीत थुंकून बघितलं तर रक्तात माझ्या वरच्या पुढच्या दाताचा तुकडा होता. फोन उचलायला वाकले तर तोही निसटला आणि पंपाच्या गटारात गेला. लग्नाला महिनाही उरला नव्हता.

दुसऱ्या एखाद्या घरात लग्न ठरलं असतं तर मी दात गेल्याचं रडले असते आणि गप्प बसले असते. पण दीपेशची आई गोजाबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी काय पाहिलं होतं? दात. चहाची कपबशी खाली ठेवून त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "पोरीचे दात चांगले हायत. आमच्या मोठ्या सुनेची लगीन झाल्यावर कवळी निघाली. फसवला आमाला." ती मोठी सून, रंभा, तिथेच बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला, आणि तो घेण्याची सवय तिला फार दिवसांची असावी असं मला वाटलं. सगळे हसले. मीही हसले, माझे चांगले दात दाखवून. आता ते हसणं मला रोज आठवत होतं. मला त्या घरात रंभा व्हायचं नव्हतं.

आई म्हणाली, "कोणाला सांगू नको गो. शहापूरला जाऊ, दात बसवून घेऊ. लगीन होऊदे."

तुटक्या दाताला वारा लागला तरी डोक्यापर्यंत झिणझिण्या जात होत्या. आईने कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात भिजवला आणि दातावर दाबला. आमच्या घरी दाताचं सगळं लवंगेवर भागतं. माझी आई सकुबाई पोटदुखीलाही आधी लवंगच शोधते. कळ शांत झाली. त्याच संध्याकाळी दीपेशचा फोन आला. सकाळी फोन एकदम बंद का झाला, आवाज कसला आला, असं विचारत होता. मी म्हटलं, पडला. म्हटलं म्हणजे बोळ्याच्या मागून हुंकारले. मग तो म्हणाला, "वैष्णवी, तू लग्नाला खरंच तयार हायस ना?"

"हं," मी म्हटलं. तोंडात बोळा असताना याहून जास्त काही निघत नव्हतं.

त्यानंतर त्याने व्हिडिओ कॉल केला की मी कट करायची आणि रेंज नसल्याचं कळवायची. आमच्याकडे ते खोटं कोणालाही पटतं.

मेघा मॅडमचा दातांचा दवाखाना शहापूरच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर. मॅडम भातसानगरच्या कॉलनीत वाढलेल्या, वडील धरणावर नोकरीला होते. त्यामुळे आमची बोली त्यांना कळते आणि राग आला की त्यांच्याही तोंडात येते. त्या रागाची बोलणी आईने एकदा खाल्ली होती. लवंगेच्या तेलाने हिरडी भाजून घेतली म्हणून मॅडम तिला चार लोकांत बोलल्या होत्या. म्हणून जिना चढताना आई माझ्या कानाशी आली. "तेलाचा नाव काढू नको. ओरडतील." तिने मला खाली टपरीवर चुळा भरायला लावल्या आणि मूठभर बडीशेप खायला दिली. मॅडम वाकून बघायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडाला बडीशेपेचा घमघमाट येत होता. मॅडमनी विचारलं, "घरी काही लावलंत का याला?" मी आईकडे बघितलं. आईने नाही म्हणून मान हलवली. मग मीही हलवली.

त्यांनी दात छान केला. निळ्या दिव्याखाली थरावर थर लावून, घासून, पॉलिश करून, शेजारच्या दातासारखाच. आरशात बघून मला रडू आलं. आई जिना उतरताना म्हणाली, बघ, कोणाला कळायचा नाय. मी पडघ्याजवळच्या गोदामात पार्सलं स्कॅन करते. तिथे तोंडाला मास्क असतो, तरी त्या दिवसांत मी मास्कच्या आत हसत होते.

आठवडाही गेला नसेल. गोदामात चहा पिताना जिभेला काहीतरी टणक लागलं. वाटलं, साखरेचा खडा. बोटावर घेतला तर तो माझा दात होता. काही चावलं नव्हतं, काही आपटलं नव्हतं. चहा पिताना दात पडतो म्हणजे तो मांडवात बोलतानाही पडेल, जेवताना पडेल, गोजाबाईंच्या ताटात पडेल. मी मास्क वर ओढला आणि शिफ्ट संपेपर्यंत एकाशीही बोलले नाही. त्या दिवसापासून मला पाण्याच्या घोटाचीसुद्धा भीती वाटायला लागली.

घरी आल्यावर आईने पुन्हा बोळा दाबला. दुसऱ्या दिवशी घाईघाईत निघालो, बडीशेप विसरलो.

मॅडमनी पडलेला दात हातात घेतला, उलटा केला आणि खालची बाजू हत्याराच्या टोकाने ओरखडली. ती बाजू मेणासारखी निघाली. त्यांचा चेहरा उतरला. "हे पक्कंच झालं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माझं काय चुकलं?" डॉक्टर घाबरलेला दिसला की पेशंटने काय करायचं ते कोणी सांगत नाही. मी खुर्चीचे हात धरून बसले. मग त्या माझ्या तोंडावर वाकल्या, थांबल्या, आणि एकदम सरळ झाल्या.

"लवंग लावलीय?"

आई भिंतीकडे बघत होती.

"मागच्या टायमालाही लावली व्हती?" मॅडमचा आवाज चढला, आणि बोली बदलली. "आणि मी विचारला तेव्हा दोघी माना हलवत बसल्या. सकुबाई, मी ओरडते ते तुमच्या भल्यासाठी ना? ओरडण्याच्या भीतीने खोटं बोललात आणि पोरीचा दात घालवलात."

"दुखत व्हता तिला," आई एवढंच म्हणाली. मला आईचा राग आला आणि तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघवतही नव्हतं.

मॅडमनी मग मला समजावलं, आणि ते समजल्यावर मी आणखी घाबरले. दाताचं वरचं कवच काचेसारखं कोरडं, टणक असतं, त्याला गोंद सहज चिकटतो. पण माझा दात त्याच्या आतपर्यंत तुटला होता. आतला दात जिवंत, ओलसर, बारीक नळ्यांचा. तिथे गोंद नुसता वर बसत नाही, आत मुरून घट्ट व्हावा लागतो. लवंगेचं तेल त्या नळ्यांत शिरलं की तो घट्टच होत नाही. "आवणात भात लावताना कसं करतेस?" त्यांनी विचारलं. "चिखल सुकला तर रोप रोवत नाही, पाणी जास्त झालं तर तरंगतं. दातही तसाच, ना कोरडा ना चिंब, तेवढाच ओला ठेवायचा. आणि एवढं करूनही आतल्या आत दातातलंच काहीतरी हळूहळू हा जोड खात राहतं. ते गप्प बसावं म्हणून एक औषध लावते मी."

माझ्याच दातात बसून माझाच दात खाणारं काहीतरी आहे, हे ऐकल्यावर मला लाळ गिळायचीही चोरी झाली.

"खरं तर आज तात्पुरतं भरून काही दिवस थांबायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तेल पूर्ण उतरू द्यायला पाहिजे."

"हळद आलीय," आई म्हणाली.

मॅडमनी उसासा टाकला. तेल मुरलेला वरचा पापुद्रा त्यांनी घासून काढला, धुतला, पुन्हा धुतला. वाऱ्याची नळी दातावर रोखली नाही, कापसाने नुसतं टिपलं. औषध लावलं, गोंद चोळून चोळून आत घातला, आणि प्रत्येक थराला निळा दिवा धरला. मी डोळे मिटून आतल्या त्या खाणाऱ्याला मनात शिव्या घालत होते. झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले. "हा टिकायला पाहिजे. वर्षानुवर्षं टिकलेत असे. पण या दाताला दोनदा तेल पाजलंय तुम्ही, मी शब्द देणार नाही. पुढच्या दाताने काही तोडू नकोस. आणि कशालाही धरून ओढू नकोस. सरळ दाबलं तर तो सोसेल, ओढलं तर मला सांगता येत नाही."

मी हो म्हटलं. ओढण्यासारखं आयुष्यात काय येतं, असं मला वाटलं.

ते हळदीच्या दिवशी आठवलं. मांडवात धवलारीण बसून लग्नाची गाणी म्हणत होती, सगळं लग्न ती गाण्यातून पुढे नेत होती: हळद कुटली, नवरी न्हाली, वरात गेली. मग गाण्यात सासरी दुसऱ्या दिवशीचा विडा आला आणि बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या. माझ्या अंगावरची ओली हळद थंड पडली. विडा. नवरीने विड्याचं एक टोक दातात धरायचं, नवऱ्याने दुसरं टोक दातांनी ओढून तोडायचं. ज्याच्या तोंडात मोठा तुकडा येईल, त्याचं घरात चालणार. सगळं गाव हा खेळ बघतं. मी कोपऱ्यात आईला गाठलं. ती म्हणाली, "बाजूच्या दातात धर." म्हणाली खरी, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

लग्न कसं लागलं ते मला विचारू नका. मी तोंड मिटून होते. फोटोवाला हसा म्हणाला, मी ओठ ताणले. नाव घ्यायला लावलं, ते मी पुटपुटले, आणि बायका म्हणाल्या, पोर लाजते. पहिला घास भरवताना दीपेशने माझ्याकडे बघितलं आणि मी नजर खाली वळवली, कारण जिभेने दात चाचपत होते. त्याचा हात जरा वेळ तसाच हवेत राहिला. त्याचा चेहरा मला तेव्हा दिसला नाही. पाठवणीला आई माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता कानात म्हणाली, "ओढू देऊ नको गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेशच्या घराच्या अंगणात पाट मांडले. समोर बेंजोवाले बसलेले, एवढ्या मोठ्याने वाजवत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी गोठ्यामागे जाऊन मॅडमना फोन लावला. दोनदा लागला नाही, मग लागला.

"विड्याला लवंग टोचतात," मी म्हटलं. "दाताला लागली तर?"

"आता पक्का झालाय तो, लवंग काही करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण विडा ओढतात ना? वैष्णवी, ओढायचं मात्र..." तिथे फोन तुटला.

परत आले तेव्हा गोजाबाई विडा बांधत होत्या. हाताएवढी नागवेलीची पानं एकावर एक ठेवली, मध्ये सुक्या खोबऱ्याचा लांब काप घातला, म्हणजे लवकर तुटू नये, आणि गुंडाळून वर लवंग टोचली. अगदी मन लावून करत होत्या. "माझ्या पोराला सोप्पा नको," त्या बायकांना म्हणाल्या. "सुनेचे दात बगू कसे हायत ते." पलीकडे रंभा पाण्याची कळशी घेऊन उभी होती. ती हसली आणि पदर तोंडावर गेला. मी तिच्या पदराकडे बघत राहिले. तो पदर मला माझ्याच तोंडावर दिसायला लागला.

विडा माझ्या हातात दिला. खोबरं बोटाला लाकडासारखं लागत होतं. बाजूच्या दातात धरून बघितला, पण पाट समोरासमोर, आणि मान तिरकी केली की बायका ओरडायच्या, सरळ, सरळ. मी तो समोरच्या दातांत धरला. लवंगेचा वास नाकात गेला आणि त्या बोळ्याची, त्या खुर्चीची, चहातल्या त्या टणक खड्याची सगळी आठवण एकदम वर आली. दीपेश पुढे वाकला. त्याने दुसरं टोक दातात धरलं आणि आमची नाकं जवळजवळ चिकटली. त्याचे डोळे मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितले. लाल झाले होते. झोपला नसावा.

मी विडा तोंडातून काढला.

बायका नाही नाही म्हणत राहिल्या. बेंजो चालूच होता. या अख्ख्या लग्नात आम्ही दोघं एवढ्या जवळ आणि एवढे एकटे पहिल्यांदाच होतो. मी त्याच्या कानाशी गेले. "मना तुमाला कायतरी सांगायचा हाय," मी म्हटलं. "आधी सांगायला पायजे होता. घाबरले."

त्याने त्याचं टोक सोडलं. चेहऱ्यावरचा रंग गेला. विडा माझ्या हातात लोंबत राहिला आणि तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जशी मी मॅडमच्या हातातल्या हत्याराकडे बघायचे.

"माझा पुढचा दात तुटलाय. पंपाचा दांडा बसला. हा चिकटवलेला हाय. तुमी ओढलात तर पडंल."

मला वाटलं, आता उठेल. आईला सांगेल. फसवला आमाला.

"एवढाच?" तो म्हणाला.

मी हो म्हणून मान हलवली.

"दुसरा काय नाय?"

"नाय."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खांदे हलायला लागले. तो रडतोय की हसतोय ते मला कळलं नाही, बायकांनाही कळलं नाही. मग त्याने माझ्या हातातला विडा माझ्या ओठाशी नुसता टेकवला, आणि त्याच्या बाजूचं पानाचं टोक, अगदी नखाएवढं, चावून घेतलं. उरलेला अख्खा विडा माझ्या हातात राहिला. अंगणात गलका झाला. नवरा हरला, नवऱ्याचं काही चालणार नाही. बेंजोवाल्याने मुद्दाम रडका सूर काढला.

गोजाबाईंना ते रुचलं नाही. त्या पुढे आल्या. "काय रे, दात नायत काय तुला?"

दीपेश काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून गेलं. बेंजो नेमका थांबला होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "माझा एक नाय, आई. पुढचा. तुटलेला, चिकटवून घेतलाय. म्हणून त्यांनी ओढला नाय." आणि मी ओठ वर करून दात दाखवला. पदर मी तोंडावर घेतला नाही.

गोजाबाईंनी वाकून बघितलं. "बघताना तर नीट व्हते," त्या म्हणाल्या. "मंग आधी का नाय सांगितला?" त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्या आत निघून गेल्या. मोठ्या पातेल्याचं झाकण आपटल्याचा आवाज आला. रंभा माझ्याजवळ कळशी घेऊन आली, माझ्या हातावर पाणी ओतलं आणि हळूच म्हणाली, "भाकरी दुधात कुस्करून देईन तुला. मीपण तशीच खाते." पदर तिच्या खांद्यावर होता. तिची कवळी मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. चांगली होती.

दुपारी माणसं पांगल्यावर दीपेश ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. मी विचारलं, "तुमी रडत होतात का हसत होतात?"

तो जमिनीकडे बघत होता. "तू कॉल कट करायचीस. मी विचारला तयार हायस ना, तर नुसता हं केलास. मांडवात माझ्याकडे बघितलाच नाय. घास देताना तोंड फिरवलास. मना वाटला घरच्यांनी जबरदस्तीने लगीन लावलाय तुझा." त्याने अंगठ्याने ओट्याचं शेण खरवडलं. "आज विडा काढून बोललीस ना, कायतरी सांगायचा हाय म्हणून. मना वाटला आता सांगशील, दुसरा कोण तरी हाय. मी तर ठरवलेला, सांगितलास तर तुला परत शेणव्याला सोडायचा. गाडीवाल्याला थांबवून ठेवला होता मी."

मी फाटकाकडे बघितलं. गाडी खरंच उभी होती. ड्रायव्हर आत सीट मागे करून झोपला होता, तोंडावर टॉवेल टाकून.

दीपेश उठला आणि त्याला सांगायला गेला, की आता जा म्हणून.